पैठणी मागवली, आलं भलतंच: पैसे परत कसे मिळवायचे?

प्रश्न: नमस्कार ताई, मी मुलुंडला राहते. भाचीच्या लग्नासाठी इन्स्टावरच्या एका पेजवरून साडेअकरा हजारांची पैठणी मागवली. पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, हातमागाची, प्युअर सिल्क, मुनिया काठ (म्हणजे काठावर पोपट), रामा ग्रीन. पैसे आधीच यूपीआयने पाठवले. पार्सल उघडलं तर पोपटी रंग, काठावर मुनिया नाहीतच, कोयऱ्या आहेत, आणि पदर उलटा करून बघितला तर मागे सगळे सुटे धागे. फोन केला तर आधी म्हणाले मोबाइलच्या स्क्रीनमुळे रंग वेगळा दिसतो, मग म्हणाले ओपनिंग व्हिडिओ पाठवा. तो मी काढलेला नाही, मी ऑफिसला होते, पार्सल वॉचमनकडे ठेवलेलं, रात्री घरी येऊन उघडलं. मग म्हणाले पेजवर नो रिटर्न नो एक्सचेंज लिहिलंय. शेवटी म्हणतात पंधराशे परत देतो, विषय संपवा. फोनवर खूप भांडले मी, आता ते फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपवर नुसती ब्लू टिक येते. नवरा म्हणतो सोड, पैसे गेले समज. सासूबाई म्हणतात दादरला जायला काय झालं होतं. ताई, मी साडी माझ्या खर्चाने कुरिअर करून टाकू का, म्हणजे त्यांना पैसे द्यावेच लागतील ना? की पोलिसात जाऊ? की पंधराशे घेऊन गप्प बसू?

उत्तर: अगं, सगळ्यात आधी हे ऐक, साडी कुरिअर करू नकोस. आत्ता तर नाहीच. ती साडी हा तुझ्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि ती एकदा त्यांच्या दुकानात पोचली की ते काहीही म्हणू शकतात, वापरलेली आली, डाग होता, डबा रिकामाच होता, आणि मग साडीही गेली नि पैसेही गेले. अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात आणि त्यातल्या कितीतरी जणींनी रागाच्या भरात नेमकं हेच केलेलं असतं. परत पाठवायचीच आहे, पण त्यांच्याकडून लेखी आल्यावर, की अमुक पत्त्यावर पाठवा, कुरिअरचा खर्च आमचा, साडी मिळाल्यावर इतक्या दिवसांत पूर्ण रक्कम देतो. ते आलं की मग स्पीड पोस्टने पाठव, पावती जपून ठेव, आणि पॅक करताना मात्र व्हिडिओ काढ, साडीची दोन्ही बाजू, टॅग, वरचा पत्ता सगळं एका सलग व्हिडिओत दिसलं पाहिजे.

तोपर्यंत साडीला काहीही करायचं नाही. फॉल-पिको नाही, ब्लाउजपीस कापायचा नाही, टॅग काढायचा नाही, अंगावर टाकून बघायचीसुद्धा नाही. ज्या पिशवीतून आली ती पिशवी फेकली नसशील तर बरं, कारण तिच्यावरचं लेबल फार कामाचं असतं, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतो, बऱ्याचदा वजनही असतं. इन्स्टावरच्या विक्रेत्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण हीच येते की पेजचं नाव माहिती असतं पण माणसाचं नाव-पत्ता माहिती नसतो, आणि पुढे तक्रार करायची तर समोरच्याचा पत्ता लागतोच. पिशवी गेली असेल तर कुरिअरचा एसएमएस शोध, त्यावरून ट्रॅकिंग निघतं.

आता आज रात्री बसून एक काम कर. त्या पेजचे, त्या पोस्टचे, पोस्टखालच्या वर्णनाचे स्क्रीनशॉट काढ, पेजचं हँडल दिसलं पाहिजे, तारीख दिसली पाहिजे, नो रिटर्नवाली ओळ लिहिलेली असेल तर तिचाही काढ, लपवायची गरज नाही. स्टोरीच्या हायलाइटमध्ये साडी असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग कर. व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर. यूपीआय अॅपमध्ये जाऊन त्या पेमेंटचा यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, आणि पैसे ज्या नावावर गेले ते नाव लिहून घे, तिथे बऱ्याचदा खऱ्या माणसाचं नाव दिसतं. हे सगळं आधी, आणि त्यांना पुढचा मेसेज नंतर. कारण तू ठाम मेसेज केलास की पोस्ट डिलीट होऊ शकते, तू ब्लॉक होऊ शकतेस, आणि मग दाखवायला काही उरत नाही. साडीचे फोटो सकाळच्या उजेडात काढ, खिडकीशी, फ्लॅश न मारता.

आणि फोन करणं बंद. मी हे कळकळीने सांगतेय. तू फोनवर जे काही बोललीस, ते कितीही बरोबर असलं तरी त्याचा कुठे पुरावा नाही, आणि ते जे बोलले, पंधराशे देतो वगैरे, त्याचाही नाही. पंधराशे द्यायला तयार होणं म्हणजे काहीतरी चुकलंय हे त्यांनी मान्यच केलंय ना, पण ते लेखी कुठाय? म्हणून यापुढे सगळं लेखी, व्हॉट्सअॅप आणि ईमेल दोन्हीवर. चुकून त्यांचा फोन आलाच तर बोल, पण ठेवल्या ठेवल्या मेसेज टाक, की आत्ता आपलं फोनवर बोलणं झालं त्यात तुम्ही असं म्हणालात.

तुझ्या भांडणात मला अजून एक गोष्ट दिसली. ते तुला रंगावर घेऊन जातायत आणि तू जातेयस. रंग हा तुझा सगळ्यात कच्चा मुद्दा आहे, कारण स्क्रीनवर रंग थोडा वेगळा दिसतो हे कोणीही मान्य करेल, रामा ग्रीन आणि पोपटी यात कितीही फरक असला तरी त्यावर वाद घालत बसता येतो. काठावर वाद घालता येत नाही. फोटोत मुनिया आहेत, साडीवर कोयऱ्या आहेत, स्क्रीनमुळे मुनियाची कोयरी होत नाही. आणि त्याहून पक्का मुद्दा म्हणजे पदराची मागची बाजू. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी हाताने एकेका रंगाचा धागा गुंतवत विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, मागे लोंबणारे सुटे धागे नसतात. मशीनवरच्या साडीत मागे धागे सुटे राहतात किंवा कापलेले दिसतात. म्हणजे तुला नुसता दुसरा रंग आलेला नाही, वस्तूच दुसरी आलीय, हातमागाची म्हणून पैसे घेतले आणि मशीनची पाठवली. म्हणून मेसेजमध्ये पहिला मुद्दा हातमाग, दुसरा काठ, आणि रंग सगळ्यात शेवटी एका ओळीत. फोटोही त्याच क्रमाने जोड.

ओपनिंग व्हिडिओचं बोलू. आजकाल जवळजवळ प्रत्येक साडीच्या पेजवर ही अट असते आणि बायका व्हिडिओ नाही म्हणून गप्प बसतात. पण ही त्या विक्रेत्याची स्वतःची अट आहे, व्हिडिओ नसेल तर ग्राहकाचा हक्कच संपतो असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. व्हिडिओ हा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नाही. तू पार्सल उघडल्यावर त्याच रात्री त्यांना फोटो पाठवले असशील तर तो मेसेज, त्याची वेळ, डिलिव्हरीची वेळ, वॉचमनच्या रजिस्टरमधली नोंद असली तर तिचा फोटो, हेही सगळे पुरावेच आहेत. पुढच्या वेळेपासून व्हिडिओ नक्की काढ, फायदा होतो, पण या वेळी नाही काढला म्हणून तू हरलेली नाहीस.

नो रिटर्न नो एक्सचेंजचंही तसंच. तुला साडी आवडली नाही, विचार बदलला, तर ती ओळ ते दाखवू शकतात. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम २०२० चे, त्यात सरळ म्हटलंय की जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची वस्तू नसेल, सदोष असेल, बनावट असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पेजवर काहीही लिहिलेलं असो. इन्स्टावरून विकतात म्हणून ते सुटत नाहीत, घरातली एखादी जुनी वस्तू कोणी एकदा विकली तर गोष्ट वेगळी, पण रोज लाइव्ह घेऊन साड्या विकणं हा धंदाच आहे. आणि तुझ्या पत्रात बिलाचा उल्लेख नाही, त्यांनी बिल दिलेलंच नसेल तर तेही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत येतं, तोही मुद्दा लिहायचा.

मेसेज असा कर, तुझ्या शब्दांत बदल हवा तर, पण लांबण लावू नकोस आणि चिडचिड त्यात येऊ देऊ नकोस:

"मी अमुक तारखेला तुमच्या पेजवरून हातमागाची प्युअर सिल्क पैठणी, मुनिया काठ, रामा ग्रीन, ऑर्डर केली आणि ११,५०० रुपये भरले, यूटीआर नंबर अमुक. अमुक तारखेला मिळालेली साडी हातमागाची नाही, पदराच्या मागे सुटे धागे आहेत, काठावर मुनिया नसून कोयऱ्या आहेत आणि रंगही वेगळा आहे. पोस्टचा आणि साडीचा फोटो जोडला आहे. साडी न वापरता टॅगसह जशीच्या तशी ठेवली आहे. मला पूर्ण रक्कम परत हवी आहे, १,५०० रुपयांचा प्रस्ताव मला मान्य नाही. साडी तुमच्या खर्चाने परत नेण्याची व्यवस्था करा आणि खरेदीचं बिल पाठवा. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन."

बस, एवढंच. यात एकच मागणी आहे हे बघ. पैसे द्या, नाहीतर दुसरी साडी द्या, नाहीतर डिस्काउंट तरी द्या असं तीन तोंडांनी मागितलं की समोरचा सगळ्यात स्वस्त पर्याय उचलतो. आणि मला विचारशील तर यांच्याकडून दुसरी साडी घेऊच नकोस, जो एकदा मशीनची साडी हातमागाची म्हणून विकतो त्याच्या दुसऱ्या पार्सलवर विश्वास कसा ठेवायचा?

सात दिवस थांब. बरेच विक्रेते इथेच ठिकाणावर येतात, कारण बाकीच्या बायका फोनवर ओरडून मग सोडून देतात हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि यूटीआर नंबर घालून मुद्देसूद लिहिणारी बाई सोडणार नाही हे त्यांना कळतं.

उत्तर नाहीच आलं तर १९१५ ला फोन कर, ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं, ऑनलाइनही तक्रार टाकता येते, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो तो लिहून ठेव. पण तिच्याकडून अपेक्षा काय ठेवायची ते नीट सांगते. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती तुझी तक्रार विक्रेत्याकडे पाठवते आणि समेटाचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो, छोट्या पेजवाल्याने दुर्लक्ष केलं तर तिथेच अडकायचं नाही. तरी तक्रार करायचीच, कारण पुढे आयोगात गेलीस तर तू सगळे रस्ते वापरलेस हे त्यातून दिसतं.

पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, आणि लोक याला उगाच घाबरतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे. वकील लागतोच असं नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. विक्रेता सुरतचा असो की येवल्याचा, तू जिथे राहतेस किंवा नोकरी करतेस तिथल्या आयोगात तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्यातला फार मोठा बदल आहे. म्हणजे मुलुंडला राहतेस तर तुझा मुंबई उपनगर जिल्हा, त्याचा आयोग वांद्रे पूर्वेला, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही टाकता येते. मुदत दोन वर्षांची आहे त्यामुळे भाचीचं लग्न आटपून शांतपणे केलीस तरी चालेल. मूळ रक्कम, त्यावर व्याज, झालेला मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च, हे सगळं मागता येतं. साडी हातमागाची आहे का यावर वाद झाला तर तपासणीची सोयही कायद्यात आहे, म्हणून साडी जपून ठेव म्हणतेय. वेळ मात्र लागतो हे धरून चाल, कायद्यात तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्त जातात. कागद कसे लावायचे हे समजत नसेल तर विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून ही संस्था ग्राहकांसाठी काम करतेय, तक्रारदारांना मार्गदर्शन करते, तिथे जाऊन विचार.

पोलिसांचं विचारलंस. आत्ताच्या घडीला नको. विक्रेता आहे, त्याने काहीतरी पाठवलंय, बोलणं चालू होतं, म्हणजे पोलीस बहुतेक तुला सांगतील की ही ग्राहक तक्रार आहे. पण जर तुला कळलं की पेजच गायब झालंय, कमेंटमध्ये बाकीच्या बायकाही फसल्याचं सांगतायत, लेबलवरचा पत्ता खोटा आहे, तर ती फसवणूक आहे आणि मग एक दिवसही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पैसे जाऊन जितका कमी वेळ झालेला असेल तितकी ते खात्यात अडवायची शक्यता जास्त असते. क्रेडिट कार्डने भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता आला असता, यूपीआयने थेट माणसाच्या खात्यात पाठवले की बँक म्हणते तुम्हीच पाठवलेत. पुढच्या वेळी अनोळखी पेजला आधी पैसे पाठवताना हे डोक्यात असू दे.

आणि इथे एक सावध करते. तू चिडून त्यांच्या पोस्टखाली कमेंट केलीस की तासाभरात कोणीतरी मेसेज करेल, मी रिफंड टीममधून बोलतोय, ही लिंक उघडा, हे अॅप डाउनलोड करा, पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुझ्या खात्यातून पैसे जाणार. गूगलवर शोधून मिळालेल्या कस्टमर केअर नंबरांचंही तेच. रिव्ह्यू जरूर लिही, बाकीच्या बायकांना उपयोग होईल, फक्त चोर, लुटारू असले शब्द नकोत, काय मागवलं, काय आलं, ते काय म्हणाले, एवढंच फोटोंसकट लिही. मग मानहानीची धमकी दिली तरी तुला घाबरायचं कारण नाही.

पंधराशे घेऊ नकोस. घेतलेस तर ते फुल अँड फायनल लिहून घेतील आणि पुढचं सगळं अवघड होईल. साडेअकरा हजार ही नोकरी करणाऱ्या बाईची छोटी रक्कम नाही.

ज्या वाचकांनी मोठ्या शॉपिंग अॅपवरून घेतलंय त्यांच्यासाठी थोडक्यात, तिथे रिटर्न टाकताना 'आवडलं नाही' हे कारण निवडू नका, 'चुकीची वस्तू आली' हेच निवडा. पिकअपला येणारा मुलगा अॅपमधल्या फोटोशी वस्तू जुळवतो आणि जुळत नाही म्हणून नेत नाही, आणि जुळणार कशी, वस्तूच चुकीची आलीय ना! त्या मुलाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं, त्याच्यासमोरच फोटो काढून चॅटवर टाका आणि तक्रारीचा तिकीट नंबर घ्या. नाहीच ऐकलं तर अॅपवर ग्रीव्हन्स ऑफिसरचं, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव आणि मेल दिलेला असतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे, त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत तक्रार टाका, नंतर नाही.

आता घरच्यांचं. सासूबाईंचं आणि नवऱ्याचं बोलणं तुला लागलंय हे पत्रातून कळतंय. ऑनलाइन घेणं हा गुन्हा नाही, मुलुंडहून नोकरी सांभाळून दादरच्या दुकानांत फिरायला वेळ कोणाला आहे, आणि वर्णन वाचून, फोटो बघून, पूर्ण पैसे भरून तू तुझं काम नीट केलं होतंस. चूक पाठवणाऱ्याची आहे. नवऱ्याला सांग, सोडून देणार नाहीये, पण रोज त्यावर घरात वादही घालणार नाहीये. आणि त्याला एक काम दे, स्क्रीनशॉट, पावत्या, चॅट सगळं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावायचं.

भाचीच्या लग्नासाठी मात्र या साडीची वाट बघू नकोस, पैसे लग्नाआधी हातात येतील असं धरून चालू नकोस. जमेल तशा बजेटमध्ये दुसरी घे, दादरला हिंदमाताला किंवा रानडे रोडला एखाद्या शनिवारी जा, हवं तर सासूबाईंनाच बरोबर ने, त्यांची नजर उपयोगी पडेल. दुकानदाराला पदर उलटा करून दाखवायला सांग. सिल्क मार्कचं लेबल असेल तर ते रेशीम खरं असल्याचं सांगतं, हातमागाचं नाही, हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो, दोन्हीत गल्लत करू नकोस. आणि बिलावर 'हातमाग, प्युअर सिल्क पैठणी' असं पूर्ण लिहून घे, नुसतं 'साडी १ नग' लिहून दिलं तर तिथेच परत करून नीट लिहायला लाव.